भिंतीपलीकडचा पिंजारी

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस मी नाही. जाफराबादला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडं येतात. मोटार चालू करून नुसता कान लावला तरी बेअरिंग गेलंय का कॉइल, हे मी सांगू शकतो. म्हणजे आवाजाला कारण असतं, हे शोधण्यावरच माझं पोट आहे. इथं लोकांचे अनुभव वाचतो आणि खरं सांगू... डोकं फिरतं. प्रत्येकाला भूत छळतं आणि प्रत्येकाला कोणीतरी महाराज वाचवतो. माझ्या बाबतीत बरोबर उलटं झालं. म्हणून लिहायला बसलोय. भीतीनं नाही. रागानं.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. आमचं घर बाजारगल्लीच्या मागं. पुढच्या भागात मोठे भाऊ — दादा —, कमलवहिनी आणि त्यांची लग्नाला आलेली मुलगी; मागच्या दोन खोल्यांत मी, बायको सुमन आणि आमची लहान मुलगी. माझ्या झोपायच्या खोलीला आणि एका मारवाडी शेटजींच्या गोदामाला मधे एकच भिंत. गोदाम बंद. शेटजींनी नवीन दुकान काढल्यापासून तिकडं कोणी फिरकत नव्हतं.

दिवाळीच्या आधी मला टायफॉईड झाला. चांगलाच चिघळला. सलाईन लावून लावून हात सुजले, केस गेले, अंगावर मांस म्हणून राहिलं नाही. पण वाचलो. ताप उतरला तेव्हा दादांनी गल्लीत पेढे वाटले. डॉक्टर म्हणाले, आता खा, प्या, हिंडाफिरा. आणि खरं दुखणं तिथून पुढं लागलं.

पहिल्यांदा झोप गेली. अंग थकलेलं, डोळे जळायचे, पण झोप नाही. सकाळ झाली की छातीवर कोणी पाट्याचा दगड ठेवावा तसं व्हायचं. सुमन चहा आणून ठेवायची, त्यावर साय धरायची, आणि त्या सायीकडं बघून मला रडू यायचं. कशाचं रडू, ते सांगता यायचं नाही. मुलगी जवळ आली तरी नको वाटायचं. दुकानाचं नाव काढलं की मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचो. चांगला बत्तीस वर्षांचा गडी मी, भिंतीकडं तोंड करून पडून राहायचो.

हे काय आहे ते मी लगेच ओळखलं. कारण ते पहिल्यांदा आलं नव्हतं. जालन्याला आयटीआयला होतो तेव्हा असंच झालं होतं. तेव्हा रूमवरच्या मित्रानं मला औरंगाबादला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी गोळ्या दिल्या, नीट समजावून सांगितलं, आणि काही महिन्यांत मी उठून कामाला लागलो. घरी फक्त दादांना माहीत होतं. ते परत येऊ शकतं, एखाद्या मोठ्या आजारानंतर हमखास डोकं वर काढतं, हेही डॉक्टर तेव्हाच बोलले होते. म्हणून मी दादांना बोलावून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं.

"दादा, मला औरंगाबादला न्या. ते आल्तं ना जालन्याला असताना, तेच परत आलंय."

दादांनी आधी दार लोटून घेतलं.

"हळू बोल. वेड्याच्या डॉक्टरकडं जायचं म्हन्तो? गावात कळलं तर? माझ्या पोरीला स्थळं येऊन राह्यलीत, काही ध्यानात हाय का तुझ्या?"

"मी येडा न्हाई, दादा. आजारी हाय."

"आजार गेला तुझा. रिपोर्ट बराबर आलाय. आता नुसतं पडून राह्यची सवय लागली. उठ, दुकानात बस, आपोआप झोप येईल."

मंग एकटा का नाही गेलास, असं तुम्ही विचाराल. पुष्कळांनी विचारलं. ज्यांना हे दुखणं झालं नाही त्यांना हा प्रश्न विचारायला काही लागत नाही. अंघोळीला उठायचं तर मी अर्धा दिवस मनाची तयारी करत होतो. तो माणूस एसटीत बसून औरंगाबादला जाणार! सुमननं दोनदा विषय काढला, तर वहिनींनी तिलाच झापलं — नवऱ्याला लाडावून ठेवलं म्हणून.

अशातच एका दुपारी तो आवाज आला.

टंऽऽग... टंऽऽग... टक. टंऽऽग... टंऽऽग... टक.

माझ्या वयाच्या लोकांना तो सांगायला नको. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज. दारोदार येऊन गाद्यांचा कापूस पिंजायचे ना, ते मोठं धनुष्य, त्याची तात कापसात धरून लाकडी दस्त्यानं ठोकायची. लहानपणी अंगणात पिंजारी बसला की आम्ही पोरं कापूस उडताना बघत बसायचो. आवाज गोदामाच्या भिंतीतून येत होता. मला वाटलं शेटजींनी गोदाम कोणाला भाड्यानं दिलं. कोण असेल, किती गाद्या असतील... असा विचार करता करता मी झोपलो. महिन्या-दीड महिन्यात पहिल्यांदा. उठलो तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं आणि मला भूक लागली होती. भूक!

सुमनला विचारलं, "गोदामात पिंजारी कोण आलाय?"

"पिंजारी? आता कुठं राह्यले हो पिंजारी? कापूस पिंजायची मशीन न्हाई का आली." मशीन आली होती हे मला काय कोणी सांगावं — तिची जळालेली मोटार मीच भरून दिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत तेच. तिसऱ्या दिवशीही. सुमन उशाशी बसून राहिली. तिला काही ऐकू आलं नाही. एकदा आवाज चालू असताना गल्लीची लाईट गेली, सगळे पंखे-गिरण्या बंद पडल्या, तरी तो चालूच. म्हणजे मशीन नाही, मोटार नाही. माझ्या डोक्यात जो काही मेकॅनिक शिल्लक होता तो जागा झाला. शेटजींकडून किल्ली मागवली आणि दुपारच्याच वेळेला सुमनचा हात धरून मी गोदामात गेलो.

आत काही नव्हतं. रिकामी जमीन, धूळ, कोपऱ्यात फाटकी बारदानं. धुळीवर आमच्याशिवाय कोणाचं पाऊल नाही. मी भिंतीला कान लावला. आवाज येत होता... पण आता पलीकडून. माझ्या खोलीतून. जिथून मी आत्ता उठून आलो होतो तिथून.

घाबरलो का? नाही हो. घाबरायला सुद्धा अंगात काहीतरी लागतं. मी परत आलो, आडवा झालो, आवाज पुन्हा गोदामाच्या बाजूनं यायला लागला, आणि मी झोपलो. कोण आहे, काय आहे, मला पर्वा नव्हती. साऱ्या घरात माझ्यासाठी कोणी काही करत होतं तर सुमन आणि तो आवाज. रोजची दोन-तीन तास झोप मिळायला लागली तसा मी जरा बोलायला लागलो. मुलीला मांडीवर घेतलं. बरा झालो नव्हतो, पण बुडता बुडता पाय टेकले होते.

ही गोष्ट वहिनींच्या कानावर गेली.

त्या दुपारचा सैपाक-भांडी उरकून तणतणत आल्या. "काय नाटकं चालवली, भाऊजी? भरदिवसा पिंजारी ऐकू येऊन राह्यला? मी बसते इथं. दाखवा मला तुमचा पिंजारी."

"बसा," मी म्हणालो.

त्या दाराला टेकून बसल्या. थोड्या वेळानं आवाज सुरू झाला. मी वहिनींकडं बघितलं तर त्यांचे डोळे मिटत होते. बघता बघता त्या फरशीवर कलंडल्या आणि गाढ झोपल्या, तोंड उघडं टाकून, एखाद्या लहान पोरीसारख्या. त्या लग्न होऊन घरात आल्यापासून वहिनींना दिवसा आडवं झालेलं मी कधी बघितलं नव्हतं. मग मलाही झोप लागली.

सुमननं उठवलं तेव्हा संध्याकाळ होत आली होती. वहिनी उठून बसल्या, आणि सुमन एकदम म्हणाली, "ताई, तुमच्या केसात काय हे?"

केसात, भुवयांवर, पदरावर कापूस होता. पिंजलेला, पांढराशुभ्र, धुरासारखा हलका. आमच्या घरात पिंजलेला कापूस नव्हता. गाद्या शिवलेल्या, एकही फाटलेली नाही — सुमननं तिथल्या तिथं बघितल्या. वहिनींनी हातानं केस झटकले आणि पळतच पुढच्या घरात गेल्या.

इथवर जे झालं ते मला कळत नाही. पण ह्याच्यापुढं जे झालं ते मला चांगलं कळतं, आणि त्याचाच राग आहे.

मनाच्या डॉक्टरकडं न्यायला ज्यांना गावाची लाज वाटत होती, त्या दादांनी वहिनींच्या सांगण्यावरून अंबडकडचा एक महाराज जीपगाडी करून आणला. गल्लीच्या डोळ्यांदेखत! त्याची लाज नाही. अंगणात धुनी पेटवली, मला धरून समोर बसवलं. धुरानं श्वास कोंडला. महाराज कडूलिंबाची फांदी पाठीवर मारायचा आणि ओरडायचा, "कोन हायेस तू? नाव सांग! कुठून आलास?"

मी सांगितलं, "मी रमेश. मोटार वाइंडिंगवाला. मला झोप येत न्हाई. तुमच्याकडं काही गोळी हाय का?"

त्यानं माझ्या थोबाडीत मारली. आणि दादांनी — ज्यांनी मला सायकलवर बसवून शाळेत सोडलं होतं — त्यांनी माझे हात आणखी घट्ट धरले.

मग महाराजानं शोध लावला की कोणे एके काळी एक पिंजारी गोदामाच्या जागी उपाशी मेला, त्याचा आत्मा माझं रक्त पितो. बिलकुल खोटं. त्या जागी आधी शेटजींच्या वडिलांची बाभळीच्या लाकडांची वखार होती, हे गावातलं म्हातारं माणूस कोणीही सांगेल. पण दोन दिवसांत सगळी गल्ली तो उपाशी पिंजारी जणू डोळ्यांनी बघितल्यासारखी बोलायला लागली. माझ्या उशाच्या भिंतीत मंतरलेला खिळा ठोकला. महाराज म्हणाला, "गेला. आता येत न्हाई."

आणि खरंच, तो आला नाही.

दुपारी मी भिंतीला कान लावून बसायचो. काही नाही. खिळा उपटून फेकला. तरी नाही. झोप गेली, आणि ह्या वेळेला जे आलं ते आधीपेक्षा काळं होतं. त्या दिवसांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते इथं लिहीत नाही. सुमनला मात्र न सांगता कळलं.

एका सकाळी तिनं मुलीला कडेवर घेतलं, मला चप्पल घालायला लावली आणि पुढच्या घरात दादांसमोर जाऊन उभी राहिली. त्यांच्यासमोर ती कधी मान वर करून बोलली नव्हती.

"दादा, मी यांना औरंगाबादला घेऊन चालले."

"मोठ्या माणसांना विचारायची पद्धत हाय का न्हाई?"

"विचारत न्हाई, सांगून राह्यले. माणूस राह्यला तर पद्धत राहील. तुम्ही यायचं तर या, न्हाईतर वाटंतून सरका."

दादा सरकले. वहिनी चुलीपाशी होत्या, त्यांनी वर बघितलं नाही.

भोकरदनवरून जाणाऱ्या गाडीत सुमन सगळा रस्ता माझं मनगट धरून बसली होती. डॉक्टर तेच होते, केस पिकले होते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, धनुकलीचंही. म्हणाले, इतके दिवस झोप नसली की मेंदू असे आवाज करतो, घाबरू नका. गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही आठवडे काहीच फरक नाही, मग हळूहळू झोप, मग भूक, मग एक दिवस दुकानाचं शटर मी स्वतः वर केलं. परत कधी आवाज ऐकू आला नाही.

डॉक्टरांचं मी मानतो. माझ्या मेंदूनं केला असेल आवाज. पण वहिनींच्या केसातला कापूस माझ्या मेंदूनं कसा आणला?

मधे बरीच वर्षं गेली. वहिनींशी मी कामापुरतं बोलायचो. मग त्यांचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. टाके भरले, सगळं बरं झालं, आणि वहिनींची झोप गेली. दिवस दिवस ओट्यापाशी नुसत्या उभ्या राहायच्या. एका दुपारी माझ्या खोलीच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत.

"भाऊजी... ते तुमचं परत कधी येतं का?"

माझं डोकं सणकलं. इतक्या वर्षांचं सगळं तोंडाशी आलं. "आता का? तुम्हीच तर हाकलून लावलं! तुम्ही पण झोपल्या होत्या ना इथं? तुम्ही पण ऐकला होता ना पिंजारी?"

"न्हाई," वहिनी म्हणाल्या. "पिंजारी न्हाई ऐकला मी. कोणीतरी बाई म्हन्ली, कानाशी... निज गं माय, तुझं काम मी बघते."

 मी विचारलं, "मंग महाराज का आणला?"

"भ्या वाटलं. लई गोड वाटलं म्हणून भ्या वाटलं. रोज तशी निजले असते, तर सैपाक कोण करणार होतं?"

दुसऱ्या दिवशी सुमन आणि मी वहिनींना घेऊन औरंगाबादच्या गाडीत बसलो. दादा स्टँडपर्यंत आले. खिडकीखाली पिशवी धरून उभे राहिले. ह्या वेळेला त्यांना अडवायची हिंमत झाली नाही. पिशवी मी खिडकीतून आत ओढून घेतली. वहिनी आता बऱ्या आहेत, गोळ्या चालू आहेत.

त्या दुपारी खोलीत काय होतं, मला आजही माहीत नाही. मला एक ऐकू आलं, वहिनींना दुसरंच, सुमनला काहीच नाही. तिला मी विचारलं, तुलाच का नाही ऐकू आलं? ती म्हणाली, "मला कुठं झोपायचं होतं? मला तुमच्याकडं बघत बसायचं होतं."