इरई राजाची लेक नाही

कौसल्याबाईंनी माझी पटकथा खाटेवर ठेवली आणि विचारलं, “उडणारे कासव कुठी गेले?”

“कापले, बाई.”

“काऊन?”

“कासव उडवता येत नाही.”

“मी तं उडवले.”

“तुम्ही कागदावर उडवले. कॅमेऱ्यासमोर ते दोरीनं टांगावे लागतात आणि दोरी दिसते.”

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. “बरं. मंग पुढचं सांग. बोलणारं धुकं कुठी हाय?”

हे राजुऱ्यात, त्यांच्या घराच्या ओट्यावर चाललं होतं. त्या महिन्यांत मी दर रविवारी बल्लारपूरहून बसनं नदी ओलांडून त्यांच्याकडे जायची, दुपारभर भांडायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायची. घरी नवरा विचारायचा, “आज काय गेलं?” मी सांगायची, “आज धुकं गेलं.”

कौसल्याबाई शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका. ढिवराच्या घरातल्या. वडील तलावात मासे धरायचे. शाळा सांभाळून त्यांनी सात खंडांची एक अद्भुत कादंबरी लिहिली होती, ‘बुडालेल्या दिव्यांचा देश’. त्या देशात आभाळात चांदण्या नाहीत, सगळा उजेड तळ्यांच्या तळाशी आहे. एक राजा तळ्यांना कुलपं घालून उजेड स्वतःच्या गडावर नेतो. इरई नावाची, डोंगा म्हणजे लहान होडी चालवणारी मुलगी एकेक तळं मोकळं करत जाते. नागपूरच्या एका छोट्या छापखान्यानं खंड काढले. आमच्या भागातल्या वाचनालयांत ते फाटेपर्यंत वाचले गेले.

त्या काळात पौराणिक मालिकांनी लोकांना टीव्हीसमोर खिळवून ठेवलं होतं. मुंबईच्या बत्रा नावाच्या निर्मात्याला राजा, तलवारी आणि चमत्कार असलेलं काहीतरी हवं होतं, पण देवाचं नको, कारण देवाचे सगळे विषय दुसऱ्यांनी घेतले होते. कोणीतरी त्यांना कौसल्याबाईंचं नाव सांगितलं. मी रेडिओसाठी नाटकं लिहायची आणि मूळची इथलीच. माझे वडील पेपर मिलमध्ये होते. म्हणून पटकथेचं काम माझ्याकडे आलं. बत्रांना वाटलं, एका गावच्या दोन बायका, पटकन जमेल.

पटकथा म्हणजे कोण कुठं उभं आहे, काय करतंय, काय बोलतंय, एवढंच. कादंबरीत लिहिता येतं की तळ्याला वाईट वाटलं. पटकथेत लिहिता येत नाही, कारण दिग्दर्शक विचारतो, तळ्याला वाईट वाटलं हे दाखवू कसं. कौसल्याबाईंचा तिसरा खंड पूर्णच्या पूर्ण एका तळ्यानं सांगितलेला आहे. मी तो खंड दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा डोकं धरून बसले.

मालिका तेरा एपिसोडची. एकेक एपिसोड अर्ध्या तासाचाही नाही, कारण जाहिराती. मी हिशेब बाईंना समजावला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “मंग त्याइले सांग, जाहिराती कमी करा म्हना.”

दुसऱ्या बाजूनं बत्रांचे ट्रंक कॉल यायचे. आमच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या मेडिकल स्टोअरवाल्याकडे यायचा, आणि दुकानातली गिऱ्हाईकं माझं बोलणं ऐकायची.

“मॅडम, हीरो कहाँ है?”

“इरई हीरो आहे, सर.”

“वो तो नाववाली है.”

“हो.”

“नाववाली तेरा एपिसोड खींचेगी?”

“कादंबरीत सात खंड ओढलेत तिनं.”

फोन ठेवल्यावर मेडिकलवाला म्हणायचा, “हीरो घेऊन टाका ना ताई, येवढं म्हनून राह्यले तं.”

अखेर पायलट करायचं ठरलं. पायलट म्हणजे नमुन्याचा पहिला एपिसोड. टीव्हीवाल्यांची कमिटी तो बघते, पसंत पडला तर मालिका, नाहीतर डबा कपाटात. हिवाळा होता. वडशाजवळच्या एका तलावावर शूटिंग ठेवलं, कारण वडशात त्या दिवसांत झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्या असतात आणि नट जागेवर मिळतात. इरईचं काम कमल नावाच्या नटीला दिलं. आवाज खणखणीत, डोंगा खरोखर वल्हवता येणारी. फक्त रात्रभर नाटकात राणी होऊन ती सकाळी आमच्याकडे यायची, आणि दोन शॉटच्या मध्ये डोंग्यातच झोपायची. कौसल्याबाई मोहाच्या झाडाखाली खुर्चीवर बसून सगळं बघायच्या.

पहिला दिवस मगरीत गेला. पुस्तकात तळ्याची राखण करणारी मगर आहे, पाठीवर दिवे असलेली. बत्रांचा तिच्यावर फार जीव. त्यांनी ती नागपूरला बांबू आणि रेक्झीनची करवून ट्रकमधून आणली. पाण्यात सोडली की ती पोट वर करायची. दगड बांधले तर बुडायची. दगड काढले की परत पोट वर. तलावाच्या पाळीवर गाव जमलं होतं आणि प्रत्येकाकडे एक सल्ला होता. शेवटी दोघा पोहणाऱ्यांनी तिला पाण्याखालून धरून ठेवलं आणि दिवस मावळता मावळता सीन उरकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बत्रांनी माझ्या हातात एक पान दिलं. हिंदीतून लिहिलेलं. “इसका मराठी कर दो. एपिसोड के एंड में डालना है.”

मी वाचलं. राजपुरोहित इरईच्या खांद्यावरची खूण बघतो आणि म्हणतो, ही राजाची हरवलेली मुलगी आहे.

“सर, हे पुस्तकात नाही.”

“किताब में बहुत कुछ नहीं है.”

“पुस्तकाचा मुद्दाच तो आहे. ती कोणाचीच राजकन्या नाही.”

“मॅडम, लोग क्यूँ मानेंगे कि एक नाववाली राजा को हराएगी? कुछ तो वजह चाहिए. खून में कुछ तो होना चाहिए.”

कौसल्याबाई खुर्चीवरून उठल्या. त्यांना हिंदी चांगलं समजायचं. त्या आमच्यापर्यंत चालत आल्या आणि बत्रांना म्हणाल्या, “भाऊ, थे पान दाखवा.”

बत्रांनी दाखवलं. बाईंनी वाचलं, घडी केली आणि परत दिलं.

“माह्या बापाचा डोंगा होता,” त्या म्हणाल्या. “तलाव मालगुजाराचा, मासे आमी धरायचे, अन् मोठे मासे त्याच्या घरी जायचे. मले शाळेत टाकलं तं लोक म्हने, ढिवराच्या पोरीले काय करायची शाळा. मी पयली आली तं मास्तरीन म्हने, हिच्या घरी आधी कोनी शिकलेलं असन. कोनी नोयतं भाऊ. मीच होती. इरईले राजाची लेक करान, तं माह्यं नाव काढून टाका.”

त्या रागावल्या नव्हत्या. हळूच बोलल्या. बत्रांनी हात जोडले आणि म्हणाले, “माताजी, आपका नाम हम इज्जत से रखेंगे. पर ये तो रहेगा.” मग ते कॅमेऱ्याकडे निघून गेले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला दोघांचाही कंटाळा आला होता. कित्येक महिने मी एकीकडून कासवांसाठी शिव्या खात होते आणि दुसरीकडून हीरोसाठी. तलावाच्या पाळीवर जाऊन बसले. बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली. बत्रांना ती राजाची मुलगी ‘असायलाच’ हवी होती असं नाही. त्यांना फक्त तसं कोणीतरी ‘म्हणायला’ हवं होतं.

तिथंच सीन लिहिला. पहिलं तळं मोकळं झालं आहे. दरबार हादरला आहे. पुरोहित घोषणा करतो की नाववालीच्या हातून हे होणं शक्य नाही, म्हणजे ही राजाचीच लेक असणार. सगळे वाकून मुजरा करतात. इरई म्हणते, “उठा. माझा बाप ढिवर आहे. त्याचं नाव या तळ्यावर कोणालाही विचारा.” आणि डोंगा ढकलून निघून जाते.

बत्रांनी वाचलं आणि मान हलवली. “सस्पेन्स तो है.”

बाईंनी वाचलं. “तिचं उत्तर ह्याच एपिसोडात पाह्यजे. पुढच्यात नाई.”

“हो जाएगा, माताजी,” बत्रा म्हणाले.

कमलनं पहिल्याच टेकमध्ये सीन बरोबर दिला. ‘उठा’ हा शब्द तिनं असा म्हटला की मुजऱ्यात वाकूनच राहायचं ठरलेले गावचे लोक खरंच उठून उभे राहिले, आणि शॉट परत घ्यावा लागला.

एडिटिंग मुंबईला. रफ कट म्हणजे कच्ची जोडणी बघायला मला बोलावलं. पुरोहित घोषणा करतो, लोक वाकतात, इरईचा चेहरा, चित्र थांबलं. फ्रीज. वर नावं सुरू.

“उत्तर कुठं आहे?”

“अगले एपिसोड में,” बत्रा म्हणाले.

“तुम्ही शब्द दिला होता.”

“दिया था. टाइम नहीं है. देखो, पहले से लंबा है.”

एडिटर शांत माणूस होता. त्यानं मोजून सांगितलं की उत्तर ठेवायचं तर तेवढीच फिल्म दुसरीकडून काढावी लागेल. मी म्हटलं, मगर काढा. बत्रांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं जणू मी त्यांच्या घरातलं माणूस काढायला सांगितलं. “मगर तो हमारी जान है,” म्हणाले. अर्धा दिवस हेच चाललं. मी म्हणायची मगर, ते म्हणायचे जवाब. एडिटरनं तेवढ्यात दोनदा चहा मागवला.

दुपारी बत्रांच्या पत्नी त्यांना घ्यायला आल्या. कुठल्याशा साखरपुड्याला जायचं होतं. त्या मागं उभ्या राहून पडद्याकडे बघू लागल्या. एडिटरनं मगरीचा सीन लावला. त्यांनी नीट बघितलं आणि विचारलं, “सुनिए, ये सोफा पानी में क्यूँ है?”

कोणी हसलं नाही. बत्रांनी सीन परत लावायला सांगितला. परत बघितला. मग रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, “निकालो.”

राजुऱ्याला जाऊन ही बातमी देणं माझ्याकडेच आलं. “बाई, मगर गेली.”

त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. “पूर्न?”

“पूर्ण.”

“अन् इरईचं उत्तर?”

“ठेवलं. ह्याच एपिसोडात.”

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “तं जाऊ दे,” म्हणाल्या, आणि लगेच पहिल्या खंडातल्या एका लग्नाचं काय झालं ते विचारलं.

कमिटीनं पायलट पास केला. पुढचं वर्ष मी उरलेले बारा एपिसोड लिहिण्यात घालवलं. त्या तेरा भागांत अडीच खंड बसले. बाकीचे कधीच झाले नाहीत, कारण तोवर बत्रा हॉटेलच्या धंद्यात गेले.

पहिला एपिसोड आम्ही राजुऱ्यात बाईंच्या शेजाऱ्याकडे बघितला. तो कोळसा खाणीत नोकरीला होता आणि त्याच्याकडे टीव्ही होता. खोलीत गल्लीतल्या बायका दाटीनं बसलेल्या. कौसल्याबाई भिंतीला टेकून होत्या. अर्धा वेळ त्या पुटपुटत होत्या की हे असं नाही, ते तसं नाही. मी कान बंद केले होते. पुरोहित बोलला. लोक वाकले. कमल म्हणाली, “उठा.”

बाई पुटपुटायच्या थांबल्या.

नावं सुरू झाली तेव्हा रुखमाबाई नावाच्या, भाताच्या रोवणीच्या कामावर जाणाऱ्या एका बाईनं मागं वळून विचारलं, “म्हंजे थे राजाची लेक नाई?”

“नाई,” कौसल्याबाई म्हणाल्या.

“खरंच नाई ना? पुढं निंगन का?”

“नाई निंगत.”

“बरं झालं,” रुखमाबाई म्हणाल्या. “राजाची असती तं मंग आपल्याले काय त्याचं.”

कौसल्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांना आवडलं नसतं.

आता या धंद्यात नवीन आलेले लोक मला विचारतात, जाडजूड कादंबऱ्या मालिकेत बसवायच्या कशा. मी सांगते, त्या बसत नाहीत. बसतात असं निर्माता म्हणतो आणि बसू नयेत असं लेखकाला वाटतं. आपण एकच गोष्ट ठरवायची, जी काही केल्या जाऊ द्यायची नाही. आणि ती निर्मात्याला सांगायची नाही. सांगितली की तो नेमकी तीच कापतो.