डक्टचं शेवटचं टोक

तिला सगळे खारूताई म्हणत. अंगानं काटकुळी, उंचीला बेताची. घराच्या छताच्या वर, छपराखालच्या पोकळीत, जिथे धडधाकट माणसाला मान वळवायलाही जागा नसते, तिथे ती पोटावर सरपटत या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज जायची. तिचं काम काय, तर एसीची गार हवा खोल्याखोल्यांत नेणाऱ्या पत्र्याच्या नळीला, म्हणजे डक्टला, घाम येऊ द्यायचा नाही. ऐकणाऱ्याला हसू यायचं. पत्र्याला कसला आलाय घाम? मग ती टेबलावरच्या गार पाण्याच्या ग्लासाकडे बोट दाखवायची. "हा बघा. बसल्या जागी कसा घामाघूम झालाय."

हे तिला तिच्या नवऱ्यानं शिकवलं होतं. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. मिस्त्री सांगायचा, "थंड पत्रा आणि दमट हवा म्हणजे भांडलेल्या जावा. समोरासमोर आल्या की डोळ्यांतून पाणी आलंच. म्हणून मधे जाडजूड सासू बसवायची." सासू म्हणजे पिवळ्या लोकरीची गादी, आणि तिच्यावर चंदेरी फॉइल. फॉइलला सुईएवढं भोक राहिलं तरी दमट हवा आत शिरते, पत्र्याला बिलगते आणि लोकर आतल्या आत भिजत राहते. गादी आवळून बांधली तरी तेच, कारण चेपलेल्या लोकरीत ऊब अडवायचा जीव उरत नाही. बाहेरून सगळं झकास दिसतं. वर्ष-दोन वर्षांनी छतावर डाग उमटतो, मग काळी बुरशी, मग थेंब.

ती या धंद्यात आली तीही गंमतच. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती नवऱ्याला डबा द्यायला एका घरी गेली, तर मिस्त्री छताच्या झडपेत खांद्यापाशी अडकलेला. ना वर, ना खाली. घरमालक पाय ओढतोय आणि मिस्त्री वरून ओरडतोय, "पँट सोडा, पँट!" त्याला कसाबसा सोडवला. उरलेला सांधा बांधायला मग तीच वर गेली. त्या दिवसापासून दोघं जोडीनं काम करायला लागली, ती वीस वर्षं. पत्रा कापणं, टांगणं त्याचं. अडचणीच्या जागी सरपटत जाऊन गुंडाळणं, टेप घासून बसवणं तिचं.

शेवटच्या वर्षी मात्र काहीतरी बिनसलं. मिस्त्री चिडका झाला होता. एकदा लेकीच्या मैत्रिणींसमोर तो खारूताईवर खेकसला आणि ती दुखावली. दोन दिवसांनी तो म्हणाला, "उद्या येतेस का जरा? शेवटचं टोक अवघड आहे. पार खोलीच्या कोपऱ्यात गेलंय."

"तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली.

तो एकटाच गेला. संध्याकाळी परत आला, पायरीवर बसून राहिला आणि म्हणाला, "झालं एकदाचं." जेवला नाही. तिनं विचारलंही नाही. पाच महिन्यांनी छातीच्या दुखण्यानं तो गेला. डॉक्टर म्हणाले, हे फार आधीपासून असणार. घरी तर तो कधी खोकलाही नव्हता.

त्यानंतर दोन वर्षं ती एकटीच कामं करत होती. लेक आधीपासूनच औषधांच्या दुकानात कामाला होती. ती म्हणायची, "आई, बास कर आता." खारूताई ऐकून सोडून द्यायची.

अशात एका दुपारी तिला एका दुमजली घरी बोलावणं आलं. दार उघडलं त्या बाई निवृत्त ग्रंथपाल होत्या. बोलणं हळू, जणू अजून वाचनालयातच आहेत. मागच्या खोलीत त्यांची नव्वदीची आई अंथरुणाला खिळलेली. पलंगाच्या बरोबर वर छताला हातभर तपकिरी डाग, कडेला काळी बुरशी.

"पलंग तीनदा हलवला," बाई म्हणाल्या. "थेंब मागोमाग येतो. रोज चादरी बदलते. आईची छाती यंदा दोनदा भरली."

खारूताईनं झडपेखाली शिडी लावली, तेवढ्यात म्हातारीनं डोळे उघडले.

"आणखी एक चढतंय का?" ती म्हणाली. "पण आधीचा उतरला कुठे?"

"कोण आधीचा, आजी?"

"तो खोकणारा. वरच आहे तो. रात्रंदिवस खोकतो."

बाई ओशाळल्या. "मनावर घेऊ नका. वय झालंय. अडीच वर्षांपूर्वी डक्टचं काम केलं तेव्हा एक मिस्त्री यायचे, एकटेच. फार सज्जन. त्यांच्या डाव्या करंगळीचं एक पेर नव्हतं, तेवढं आठवतंय."

खारूताईनं शिडी घट्ट धरली. ते पेर पत्र्याच्या कातरीखाली गेलं तेव्हा बोटावर चिंधी तिनंच गुंडाळली होती. तिनं कपाळावरचा दिवा लावला आणि वर चढली.

वर भट्टीसारखं तापलं होतं आणि ओल्या कपड्यांचा कुबट वास कोंडला होता. तिनं डक्टवर हात ठेवला. मिस्त्रीचं काम ती डोळे मिटूनही ओळखायची. फॉइलची कड आत दुमडलेली, टेप अंगठ्यानं तीन वेळा घासलेली. पहिली दहा-बारा हात लांबी अशीच होती, जणू कालच बांधून गेलाय. त्या सांध्यांवरून बोटं फिरवताना तिला वाटलं, आपण त्याची पाठ चाचपतोय.

ती पुढे सरकली. दुसऱ्या टांगणीपाशी पट्टी गादीत रुतली होती. तो असं कधीच करायचा नाही, पट्टीखाली रुंद पत्रा द्यायचा. पुढच्या सांध्यावर टेप नुसती ठेवलेली, घासलेली नाही. त्यापुढे फॉइल फाटलेलं आणि तसंच सोडलेलं. आणि कोपऱ्यात, शेवटच्या टोकाला, सांधा उघडाच होता. त्यावर लोकर नुसती पांघरली होती, आजाऱ्यावर गोधडी टाकावी तशी. आता ती काळी आणि लदलदीत झाली होती. पत्र्याच्या कडेवर थेंब जमत होते, फुगत होते, पडत होते.

तिच्या डोळ्यांसमोर तो दिवस हाताहातानं उलगडत गेला. इथे त्याला दम लागला. इथे हात वर जाईना. इथे तो आडवा झाला असेल.

तेवढ्यात कोणीतरी खोकलं.

सुका, दबलेला खोकला, दोनदा, तिच्या गालाशीच. ती श्वास धरून पडून राहिली. मग तिनं स्वतःला बजावलं, डक्टमधून आवाज वाहतो, खाली म्हातारी खोकली असेल, वीस वर्षं हेच काम करतेस ना? पुन्हा एकदा तोच खोकला आला. ती जमेल तितक्या घाईनं मागे सरपटली. वाटेत कोपराला न्हाणीघराच्या पंख्याचा पाइप लागला. तो जोडातून निसटला होता आणि आंघोळीची वाफ छतावरच सोडत होता.

खाली आल्यावर तिनं पहिलं विचारलं, "आजींना ठसका लागला होता का?"

"नाही हो. तुम्ही वर गेल्या गेल्याच झोपली ती," बाई म्हणाल्या. "काय आहे वर?"

"न्हाणीघराच्या पंख्याचा पाइप सुटलाय," ती म्हणाली. "सगळी वाफ वर साठते."

हे खोटं नव्हतं. पण खरंही निम्मंच होतं. बाईंचा चेहरा मोकळा झाला. "म्हणजे मिस्त्रींची चूक नाही. मला वाटलंच. उगाच मनात त्यांना बोल लावत होते मी."

हे ऐकून तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर ती पायरीवरच बसून राहिली. लेक कामावरून आली, बॅग ठेवून शेजारी टेकली. "काय झालं?"

"तुझे बाबा कधी खोकायचे का गं? मी नसताना?"

लेकीनं बॅग मांडीवर ओढली. "दुकानातून औषध न्यायचे," ती शेवटी म्हणाली. "मी नवीनच लागले होते तेव्हा. म्हणायचे, गिऱ्हाइकासाठी आहे. मला कळत होतं, आई. तुला सांगू नको म्हणून शपथ घातली होती."

म्हणजे लेकीला ठाऊक होतं, परक्या घरातल्या म्हातारीलाही ऐकू गेलं होतं. एक तिलाच माहीत नव्हतं. तिला राग आला, पण कोणावर काढायचा ते कळेना. तो कानाशी आलेला खोकला मात्र जाईना. भांडी घासताना, नळ बंद करताना, पाठीमागून कोणीतरी खोकतंय असं वाटून ती वळून बघायची.

दुसऱ्या दिवशी ती सामान घेऊन गेली. बाई स्वयंपाकघरात होत्या. म्हातारी जागी होती, तिनं बोटानं जवळ बोलावलं.

"तो एकदा तासभर निजला होता वर," म्हातारी कुजबुजली. "मी इथूनच विचारलं, बाबा रे, पाणी देऊ का? पण मी कुठली उठून देणार! तर छताच्या हवेच्या जाळीतून म्हणाला, नको आजी, घरी फक्त कळू देऊ नका. मी कोणाच्या घरी सांगणार होते? मला कुठे त्याचं घर ठाऊक होतं?"

"हे त्याचंच घर, आजी," खारूताई म्हणाली आणि स्वतःच्या छातीला हात लावला. म्हातारीला काय कळलं कोण जाणे. तिनं तो हात धरला.

खारूताई तशीच स्वयंपाकघराच्या दारात गेली.

"बाई, काल मी निम्मंच सांगितलं. पाइप सुटलाय हे खरं. पण शेवटचं टोक उघडं सोडलंय. गादी नीट बांधलेली नाही, सांध्याला हवा अडवणारा लेप नाही. पाणी तिथूनच येतंय. पाइपनं त्यात भर घातली, एवढंच. ते मिस्त्री म्हणजे आमचे हे. आजारी होते. मला बोलावलं होतं हाताखाली, मी आले नाही."

बाईंनी गॅस बंद केला. "होते म्हणजे?"

"दोन वर्षं झाली."

बाईंनी हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "चार महिने मी आईच्या चादरी पिळतेय. दोनदा वाटलं, आता ही जाते. आणि काल तुम्ही माझ्या तोंडावर खोटं बोललात." आवाज वाचनालयातलाच होता, म्हणून जास्त लागला. "काम करा. नीट करा."

बास. सांत्वन नाही, चहा नाही. खारूताईला त्याचंच बरं वाटलं.

म्हातारीनं मात्र शिडीपाशी तिला थांबवलं. "जाताना त्याला खाली घेऊन जा गं. एकटाच आहे वर."

तीन दिवस ती त्या छतावर होती. भिजलेली लोकर पिशव्या भरभरून खाली काढली. एसी बंद ठेवून पत्रा पुसला, पंखा लावून वाळवला, बुरशी खरवडली. सांध्यांना लेप फासला आणि तो सुकेपर्यंत तिथेच पडून राहिली. नवी गादी सैलसर गुंडाळली, टांगणीच्या पट्ट्या बाहेरून घेतल्या, खाली रुंद पत्रा दिला. टेप अंगठ्यानं तीनदा घासली. न्हाणीघराचा पाइप जोडून पार भिंतीबाहेर काढला. मिस्त्रीनं चांगलं बांधलेल्या भागाला तिनं हात लावला नाही. वरच्या खोकल्याचं तिनं लेकीला सांगितलं होतं. तो पुन्हा आला का? लेकीनं विचारलं तेव्हा तिनं मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते लेकीला समजलं नाही. बाईंना एवढं मात्र ऐकू आलं, की तिसऱ्या दिवशी वर ती कोणाशी तरी बोलत होती. आधी भांडल्यासारखं, मग हळू. शेवटी "चला आता," असं स्वच्छ ऐकू आलं.

पुढच्या आठवड्यात हवा अगदी चिकट, दमट झाली. ती मुद्दाम गेली. दुपारभर एसी जोरात चालू ठेवून तिनं डक्टवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवला. हात कागदासारखा कोरडा राहिला. निघताना बाई म्हणाल्या, "आई हल्ली वरचं काही बोलत नाही." एवढंच.

पण तिच्या जिवाला स्वस्थता नव्हती. मिस्त्रीनं शेवटच्या वर्षात आणखी किती टोकं अशी सोडली असतील? तो लिहून काही ठेवायचा नाही. मग तिनं लोकरीचे गठ्ठे पोचवणाऱ्या टेंपोवाल्याला गाठलं. त्याला पत्ते आठवत नव्हते, पण जिने आठवत होते. "एक घर गोल जिन्याचं, तिथे माझी कंबर धरली. एक कुत्र्याचं, त्यानं माझी चप्पल नेली ती गेलीच." असं करत त्यानं नऊ घरं काढून दिली.

ती दारोदार गेली. मोबदला नको, फक्त वर बघू द्या, म्हणायची. काहींनी वेड्यात काढलं. एकानं चोर समजून शेजाऱ्यांना बोलावलं. तरी आठ घरांत ती चढलीच. तीन घरांत टोक उघडं होतं, आणि एका घरात तर दुसऱ्या दिवशी थेंब पडला असता. एका सांध्याशी तिला औषधाची रिकामी बाटली सापडली. ती तिनं खिशात टाकली आणि कोणालाच दाखवली नाही.

नववं घर तेवढं राहिलं. मालक बदललेत, नवी माणसं फाटक उघडत नाहीत. "आमच्याकडे काही गळत नाही," म्हणतात. तिनं दोनदा चिठ्ठी टाकली. उकाडा वाढला की ती वाट वाकडी करून त्या घरावरून जाते आणि फाटकापाशी क्षणभर थांबते. मशीन घरघरत असतं, पडदे ओढलेले असतात. ती वरच्या कोपऱ्यातल्या खोलीकडे बघते आणि कान देऊन ऐकत राहते.