एकदाच विचारणाऱ्या गावात दोन सायकली

फ्रान्सला सायकलने जायचं ठरलं ते निसर्गप्रेमातून नव्हे, घरातल्या सुतकी वातावरणाला कंटाळून. माझा नवरा विवेक इंग्लंडमधल्या रीडिंगमध्ये, एम-फोर महामार्गाच्या कडेच्या एका काचेच्या इमारतीत, अकरा वर्षं एकाच खुर्चीवर बसून सॉफ्टवेअरचं काम करतो. गेली काही वर्षं त्याला टीम लीड व्हायचं होतं. हे मला माहीत होतं, त्याच्या आईला माहीत होतं, लंडनजवळ पिनरला राहणाऱ्या त्याच्या मित्रालाही माहीत होतं. फक्त त्याच्या साहेबाला, ग्रॅहमला, सांगायचं राहिलं होतं.

तर मे महिन्यातल्या लाँग वीकेंडच्या आदल्या आठवड्यात ग्रॅहमने त्याला आपणहून बोलावलं आणि विचारलं, "लीडची जागा रिकामी होतेय. घेशील?"

विवेक नागपूरचा. त्यांच्याकडे जेवणाच्या पानावर पहिल्यांदा "नको" म्हणणं हे हात धुण्याइतकंच आवश्यक असतं. दुसऱ्यांदा थोडा मऊ नकार आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे. त्याने सवयीने मान खाली घालून, "ओह नो, देअर आर बेटर पीपल," असं म्हटलं आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघत उभा राहिला. ग्रॅहम म्हणाला, "फेअर इनफ. थँक्स फॉर बीइंग ऑनेस्ट." आणि दार उघडून धरलं.

मी पुण्याची. आमच्यावर लोक काय विनोद करतात ते मला ठाऊक आहे, पण आमच्याकडे विचारलं की विचारलं, घेतलं की घेतलं. मी म्हटलं, "त्याला मेल टाक, हवंय म्हणून."

"आता स्वतःहून कसं सांगायचं? बरं नाही दिसत. विचारेल तो परत."

नाव मंगळवारी जाहीर होणार होतं. ग्रॅहम काही परत विचारेना आणि विवेक डिशवॉशरसमोर उभा राहून उसासे टाकू लागला. शेवटी मी फेरीची तिकिटं काढून टाकली.

आता कामाचं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या न्यूहेवनहून फ्रान्समधल्या दिएपला फेरी जाते, साधारण चार तास लागतात. सायकली घेऊन ट्रेनने जाता येतं, पण बँक हॉलिडेच्या, म्हणजे सोमवार जोडून आलेल्या सुट्टीत ट्रेनमध्ये सायकलला जागा मिळणं नशिबाचा भाग, म्हणून आम्ही गाडीच्या मागे सायकली बांधून बंदरापर्यंत गेलो, गाडी तिथेच ठेवली. आमचे पासपोर्ट आता ब्रिटिश, म्हणून आयत्या वेळी जमलं; तुमचा भारतीय असेल तर शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट फार आधी घ्या. दुधातुपाचे पदार्थ पलीकडे नेऊ देत नाहीत म्हणून माझ्या दशम्या रद्द झाल्या. चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि कोरड्या पोळ्या घेतल्या.

फेरीवर इंग्लिश सायकलस्वारांचा मोठा जथा होता. सत्तरीचे गृहस्थ, घट्ट कपडे, घोटीव पोटऱ्या आणि सायकली आमच्या गाडीपेक्षा महाग असाव्यात अशा. एकाने माझ्या सायकलकडे बघून फार प्रेमाने विचारलं, "शॉपिंग बाइक, इज इट?" मी हो म्हटलं. माझ्या पुढच्या बास्केटमध्ये चिवड्याचा डबा होता, नाही म्हणायला तोंड नव्हतं.

दिएपमधून बाहेर पडेपर्यंत थोडा साधा रस्ता आहे. पुढे आर्क-ला-बाताय नावाच्या गावापासून खरी गंमत सुरू होते. जुन्या रेल्वेचे रूळ काढून त्या जागी डांबरी वाट केली आहे, फक्त सायकली आणि चालणाऱ्यांसाठी. रेल्वेची वाट असल्यामुळे चढ असा नाहीच. मोटार नाही, हॉर्न नाही, "गेट ऑफ द रोड" म्हणून ओरडणारा व्हॅनवाला नाही. दोन्ही बाजूंना गायी, सफरचंदाच्या बागा, मध्येच एखादं जुनं स्टेशन, ज्यात आता कोणीतरी पडदे लावून राहतं. रीडिंगमध्ये मी सायकल चालवते तेव्हा खांदे कानापर्यंत गेलेले असतात. इथे तासाभराने ते आपोआप खाली आले. मला फार बरं वाटलं, हे मी टोमणा न मारता लिहिते आहे.

विवेक मात्र दर थोड्या वेळाने थांबून फोन बघत होता.

"ग्रॅहम शनिवारी मेल करत नाही," मी म्हटलं.

"मी मॅप बघून राहिलो."

सरळ रेषेत जाणाऱ्या वाटेवर, जिला एकही वळण नाही, तिथे हा माणूस मॅप बघत होता.

मुक्काम नफ्शातेलच्या अलीकडे एका खेड्यात, मादाम ओडिल यांच्या घरी होता. दगडी घर, निळ्या खिडक्या, अंगणात कोंबड्या. खोली घेताना त्यांनी मेलवर विचारलं होतं, रात्रीचं जेवण हवं का? विवेकने उत्तर दिलं होतं, कृपया त्रास घेऊ नका, आम्ही फार कमी खातो. हे मला तिथे पोचल्यावर कळलं. दारात मादामनी पुन्हा एकदा, हाताने खाण्याची खूण करत विचारलं. मी तोंड उघडायच्या आत विवेक म्हणाला, "नो नो, प्लीज डोन्ट बॉदर."

"दाकॉर," मादाम म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे, आणि आत गेल्या.

"आता परत विचारते पाहा ती," विवेक कुजबुजला.

त्यांनी विचारलं नाही. गावात एक चर्च, एक बंद बेकरी आणि एक कुलूप लावलेलं हॉटेल होतं. आम्ही खोलीत पलंगावर बसून चिवडा खाल्ला आणि खालून लोण्यात परतलेल्या कांद्याचा वास येत राहिला.

रविवारी फोर्ज-लेझ-ओ या गावापर्यंत जाऊन परत त्याच घरी यायचं होतं. वाटेत मेनिएरचा किल्ला लागतो, गोल बुरुजांचा, चित्रातल्यासारखा. नफ्शातेलचं चीज पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं मिळतं. ते घ्या, आणि सकाळीच घ्या. कारण फ्रान्सच्या खेड्यात जेवणाची वेळ ही फार कडक बाब आहे. आपण दोननंतर पोचलो तर स्वयंपाकघर बंद. "काहीतरी थोडंसं चालेल" हे वाक्य इथे चालत नाही. फोर्जला आम्ही फोटो काढत काढत उशिरा पोचलो. वेटर म्हणाला, "फिनी." संपलं. शेवटी पार्किंगमधल्या एका यंत्रात नाणी टाकून लांबलचक पाव मिळवला आणि चटणी लावून कठड्यावर बसून खाल्ला. पाव उत्तम होता. समोरून जाणारे सत्तरीचे इंग्लिश गृहस्थ मात्र जेवून तृप्त दिसत होते.

परतीच्या वाटेवर मी विवेकशी बोलले नाही. भूक लागली की मी मौन पाळते आणि ते त्याला ओरडण्यापेक्षा जास्त लागतं.

संध्याकाळी पुन्हा तोच वास. आज कोंबडी भाजत होती. विवेक पलंगाच्या कडेवर बसला होता. चिवडा संपला होता. एकदम उठला, फोनमध्ये काहीतरी बघितलं, दोनदा पुटपुटला आणि जिना उतरून खाली गेला. मी मागोमाग. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो शाळेतल्या मुलासारखा म्हणाला, "नूझाव्हों फँ." आम्हाला भूक लागली आहे.

मादामनी त्याच्याकडे बघितलं, कपाट उघडलं, दोन ताटल्या टेबलावर ठेवल्या. बस. ना आश्चर्य, ना "अरे आधी सांगायचं." त्यांच्या नवऱ्याने खुर्ची सरकवली आणि सफरचंदाची सायडर ओतली. कांद्याचा टार्ट, कोंबडी, सॅलड, आणि शेवटी तेच बदामाच्या आकाराचं चीज. विवेकने एकदाही नको म्हटलं नाही.

जेवण झाल्यावर फोनवरच्या भाषांतराच्या आधाराने मादामनी विचारलं, काल का नाही म्हणालात?

विवेकने समजावलं, आमच्याकडे पहिलं नाही धरत नाहीत. दोनदा-तीनदा विचारतात.

मादामनी फोनमध्ये बोलून स्क्रीन आमच्यासमोर धरली: ज्याला खरंच नको असतं तो काय करतो?

"ताटावर हात आडवा धरतो," मी म्हटलं.

आणि वाढणारा तरी वाढतोच, हे मी सांगितलं नाही. देशाची अब्रू असते काही.

विवेक टार्टच्या रिकाम्या ताटलीकडे बघत म्हणाला, "ग्रॅहमला काय माहीत असणार यातलं."

सोमवारी परत त्याच सपाट वाटेने दिएप आणि फेरी. डेकवर बसून त्याने ग्रॅहमला मेल लिहायला घेतली. पहिल्या खर्ड्यात "इफ इट्स नॉट टू मच ट्रबल" होतं, ते मी खोडलं. दुसऱ्यात "आय मे नॉट बी द बेस्ट पर्सन" होतं, तेही खोडलं. उरलं ते एवढंच: मला ती जागा हवी आहे, त्या दिवशीच सांगायला हवं होतं. ते वाचून तो घाबरला. "फार उघडं वाटतंय गं," म्हणाला. पण न्यूहेवनचा किनारा दिसायच्या आत त्याने ती पाठवली.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. रस्ता सोपा आहे, साध्या सायकलीवर होतो, खर्च इंग्लंडातल्याच कॉर्नवॉलच्या वीकेंडपेक्षा कमीच येतो. सीटला जाड गादी लावा. जेवणाचं खोली घेतानाच सांगा आणि हो म्हणा. आमच्याकडे मागे उरलं ते अर्धं चीज, ज्याच्या वासाने फ्रिज उघडवत नाही, आणि माझ्या मांड्यांतले गोळे.

मंगळवारी संध्याकाळी विवेक घरी आला आणि बूट न काढताच स्वयंपाकघरात उभा राहिला. जागा शुक्रवारीच गेली होती, दोन वर्षांपूर्वी आलेल्या एका मुलाला. ग्रॅहमने त्याला कॉरिडॉरमध्ये विचारलं आणि प्रश्न संपायच्या आत तो हो म्हणाला होता. ग्रॅहमला मनापासून वाईट वाटलं होतं. म्हणाला, "आय विश यू हॅड सेड. मी सगळ्यांना तुझं उदाहरण द्यायचो, अकरा वर्षांत काही मागितलं नाही, हा एक माणूस आहे तिथे सुखात आहे."

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"म्हटलं, सुखात नव्हतो. तुम्ही विचाराल म्हणून थांबलो होतो."

मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. टोमणा एकही सुचला नाही.