गैरहजर बाईची सही

ग्रामसभा कशी भरते ते मी सत्तरी गाठेपर्यंत पाहिलं नव्हतं. माझ्या सह्या मात्र वर्षानुवर्षं ग्रामसभेच्या रजिस्टरात होत्या. हे कसं झालं ते आधी सांगते.

आमच्या गावची सभा पंचायतीच्या ओट्यावर होते. दहा-बारा पुरुष जमतात, चहा होतो, घरी जातात. पण कागदावर तेवढी माणसं चालत नाहीत. ठराविक हजेरी लागते, तिला कोरम म्हणतात, आणि तीत बायाही लागतात. बाया तेव्हा सोयाबीन सोंगायला नाहीतर निंदायला गेलेल्या असतात. म्हणून दोन-तीन दिवसांनी पंचायतीचा शिपाई रजिस्टर काखेत मारून घरोघर फिरायचा. "कोरम पुरा कराचा हाय, आजी," म्हणायचा. माणूस चांगला, कोणाच्या अध्यात ना मध्यात, त्याला कोणी परत पाठवत नसे. बाया अंगठा द्यायच्या आणि कामाला लागायच्या.

मी चौथी शिकले आहे. आमच्या आळीत माझ्या वयाची सही करणारी मी एकटीच. माझ्या दारात शिपाई शाईचा डबा काढत नसे, पेन द्यायचा. मी उंबऱ्यात बसून नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव लिहायची, सावकाश. बाकीच्या बघत उभ्या राहायच्या. मला ते आवडायचं. त्या सह्या कोणत्या ठरावासाठी आहेत, हे मी एकदाही विचारलं नाही.

माझ्या भिंतीला भिंत लागून एक विधवा बाई राहते. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मुलगी आसेगावला दिलेली, घरी ती एकटी. मातीच्या भिंती, वर जुनी टिनं. घरकुलाच्या यादीत तिचं नाव आलं तेव्हा ते मीच तिला वाचून दाखवलं होतं. पुढच्या वर्षी नवी यादी लागली, तीत नाव नव्हतं. आम्ही दोघी ग्रामसेवकाकडे गेलो.

"ग्रामसभेनं अपात्र ठरवलं," तो म्हणाला.

"कोनत्या?" मी विचारलं.

"तुमच्याच. सगळ्यांनी मिळून ठरवलं. मी फक्त लिहितो."

रजिस्टर दाखवायला तो तयार नव्हता. अर्ज करा म्हणाला, बाया अर्ज करत नसतात हे त्याला ठाऊक होतं. मी तिथेच कागद मागून घेतला आणि ठरावाची नक्कल मागणारा अर्ज माझ्या हातानं लिहून दिला. पोच घेतल्याशिवाय उठले नाही.

नक्कल महिन्याभरानं मिळाली. शेजारणीच्या दारात बसून मी ती मोठ्यानं वाचली. खालील लोकांची घरं पक्की असल्यानं त्यांना अपात्र ठरवण्यात येत आहे, सर्वानुमते मंजूर. खाली तिचं नाव. ती मागच्या भिंतीकडे बघत राहिली.

"कोनकोन होतं थ्या सभेत?" तिनं विचारलं.

मी हजेरीची नावं वाचू लागले. दुसऱ्या पानावर तिसऱ्या ओळीत माझी सही होती.

"काहून थांबल्या?"

ती शाळेत गेलेली नाही. ती ओळ मी गाळली असती तर तिला कळलं नसतं. मी माझं नाव वाचलं.

ती म्हणाली, "आंगठेवाल्याइचं मी समजू शकतो. तुमाले त वाचता येते ना?"

"येते."

"मंग?"

तिनं माझ्या हातातून कागद घेतले, घडी घातली आणि आत गेली. त्यानंतर ती मला टाळून दुसऱ्या बाजूनं पाण्याला जाऊ लागली.

आठ दिवसांनी मी मेडशीकडून येणारी एसटी धरून तालुक्याला गेले आणि पंचायत समितीत तक्रार दिली. त्यात लिहिलं की मी त्या सभेला हजर नव्हते, सही माझी आहे, सही नंतर घरी येऊन घेतली. बाबूनं वाचून मान वर केली. "आजी, हे तुमच्यावरच येईल." मी म्हटलं, येऊ द्या.

चौकशीला पंचायत समितीचे साहेब गावात आले. सरपंचबाई खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांचा नवरा शेजारी बसून उत्तरं देत होता. आमच्याकडे ते असंच असतं. साहेबानं एकेका बाईला विचारलं, सभेला होतात का? सगळ्या म्हणाल्या, होतो. त्यातली एक आदल्या दिवशी मला सांगून गेली होती, "नाई म्हनलं त उद्या आमची नावं कापतीन." मी तिला दोष दिला नाही. कापलीही असती.

माझी पाळी आली.

"सही तुमची?"

"माझी."

"सभेला होतात?"

"नवतो."

"म्हणजे न येता हजेरी लावली."

"हो. लिवा तसं."

सरपंचबाईचा नवरा हसला. "बुढीचं डोकं फिरलं हाय, साहेब. वय झालं."

"वय झालं म्हनून तारीख इसरली नाई," मी म्हटलं. "सभेची जे तारीख लिवली हाय, थ्या दिवशी किन्हीराजाले माझ्या ननदेचं जलदान होतं. आमची आळी टेम्पोनं तिकडं गेली होती. इथं एक बी बाई नवती."

नणंद वारली त्या वर्षी जलदानविधीची पत्रिका छापली होती. ती मी पिशवीतून काढून साहेबाला दिली. कागदावर सभा घेणाऱ्यानं दिवस निवडताना आळी रिकामी आहे हे पाहिलंच नव्हतं. त्याच्या हिशेबी आम्ही गावात असलो काय नि नसलो काय, सारखंच.

साहेबानं तारखा ताडून पाहिल्या आणि ते बायांकडे वळले. "तुम्ही गेला होता किन्हीराजाला?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. तिथली हजेरी नाकारायची म्हणजे माझ्या घरच्या मयताला गेलो नाही म्हणायचं, ते कोणाच्या तोंडून निघेना. शेवटी मागची एक पदराआडून म्हणाली, "गेलो होतो, साहेब. जेवलो बी." मग बाकीच्याही हो म्हणाल्या.

साहेबानं शेजारणीचं घर पाहिलं. भिंतीला बोट लावलं तर माती पडली. फोटो काढून ते गेले.

ठराव रद्द झाला. ग्रामसेवकाची बदली झाली. सरपंचबाईचा नवरा अजून शेजारच्याच खुर्चीत बसतो. मला लेखी ताकीद आली, ती मी डब्यात ठेवली. शेजारणीचं नाव परत यादीत लागलं, पण शेवटी. मधल्या काळात तिच्या खालची नावं पुढे गेली होती. तिचा नंबर कधी येईल ते कोणी सांगत नाही. या पावसाळ्यात मागची भिंत टिकली, पुढच्याचं माहीत नाही.

नंबर खाली गेला तो माझ्या सहीनं, हे मी तिला जाऊन सांगितलं.

"मले माईत हाय," ती म्हणाली. हातातलं सूप खाली ठेवलं नाही. पाखडता पाखडता म्हणाली, "पुढच्या सभेले मी बी येतो. वाचून दाखवल्याबिगर आंगठा देनार नाई."

"मी वाचून दाखवीन."

"तुमी वाचा. मंग मी दुसऱ्याकून बी वाचून घेइन."

तसंच करते ती. आता आम्ही पाच-सहा बाया ओट्यावर जातो. मी ठराव वाचते, मग ती कागद अंगणवाडीच्या बाईंकडे देते आणि पुन्हा वाचायला लावते. पुरुष कंटाळतात, चहा थंड होतो. दोन्ही वाचनं जुळली की ती अंगठा उमटवते. मला त्याचा राग येत नाही.