चारीची किल्ली

सैन्यातून हवालदार होऊन घरी आलो, तेव्हा आमच्या कडेगावकडच्या रानात उपसा योजनेचं पाणी नुकतंच पोचलं होतं. चारीवरच्या शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था काढली आणि लिहिता-वाचता येतं म्हणून सचिव मला केलं. मी एकच नियम धरून बसलो: पाणी आधी शेपटाला, मग वर. वरचा आधी प्यायला की खालच्याला ओलसुद्धा लागत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

चारीतून वरच्या रानात पाणी वळवणाऱ्या गेटची किल्लीही शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याकडे राहणार, असं ठरलं होतं. पण गेट होतं माझ्या थोरल्या भावाच्या बांधावर. वाटणीत वरचं रान त्याला, तळाचं मला. आता परका माणूस येऊन त्याच्या दारात कुलूप लावणार, म्हणजे त्याच्यावर अविश्वासच की! थोरल्याचा मान कसा मोडायचा? मीच सभेत उठलो, "किल्ली दादाकडं राहू द्या. जबाबदारी माझी." त्या शब्दावर खालच्या लोकांनी ऊस मोडला आणि अक्षय्य तृतीयेला हळद लावली. मीही लावली.

पाळी आली, पाणी काही आलं नाही. "वरनंच कमी सोडलंय," असं दादा चार दिवस फोनवर सांगत होता आणि मी गाढव तेच खाली जाऊन सांगत होतो. पाचव्या दिवशी चारीच्या कडेनं चालत वर गेलो. गेट सताड उघडं, दादाचा नवा ऊस पाण्यात उभा. अंगाची लाही लाही झाली.

"दादा, आवं काय केलंसा हे?"

तो शांतपणे म्हणाला, "वरडू नगंस. तू घरचा हायस म्हणून तर केलं. दुसरा कोण सचिव असता तर माझं धाडस झालं असतं व्हय?"

मला रडू आलं. संतापाचं होतं की कशाचं, आजही सांगता येत नाही.

हळदीचं बेणं जमिनीतच वाळलं. मी खाली गेलो, घडलं ते सगळं सांगितलं, हात जोडले. शेवटच्या टोकाचा म्हातारा मला लेकासारखा मानायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"चार दिस तूच येऊन सांगत हुतास न्हवं, वरनं कमी हाय म्हणून?"

"आबा, मला ठाऊकच नव्हतं, आईशप्पथ!"

"असंल बाबा," तो म्हणाला. "उद्या बोरची गाडी येतीया. तुमच्या घरातनं येणारं पाणी आता नगं."