टँकरच्या मागे

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. त्या दुष्काळात पप्पांची बदली नांदेडहून तिथल्या नव्या कार्यालयात झाली आणि महिन्याभरात माझ्याकडची गाडीची चावी काढून घेतली गेली.

सकाळी आईला तिच्या शाळेत सोडायला मी गाडी न्यायची. वाटेत इंजिन धक्के द्यायचं, दम लागल्यासारखं अडखळायचं. दुपारी पप्पा चालवायचे तेव्हा मात्र काही नाही. गॅरेजवाल्या चाचांनी दोनदा कार्बोरेटर साफ केला आणि सांगून टाकलं, "साहेब, गाडी मिसिंग मारून राहिली, पण इंजिनात खोट न्हाई. हात नवा हाय."

हात म्हणजे मी. मी तिथंच उभी होते. पप्पांनी चावी खिशात टाकली. "उद्यापासून रिक्षा. गाडी तुझं काम नाही."

मला भांडता येत नव्हतं. मी शिकले त्या शाळेत भांडणंही इंग्रजीत व्हायची आणि तिथंही मी गप्पच असायची. पण चूक माझी नव्हती, हे मला माहीत होतं. गाडी नेमकी कुठं अडखळते ते मी आठवत बसले. दर वेळी एकाच अरुंद रस्त्यावर, पाण्याच्या टँकरच्या मागे. त्याचं झाकण धड बसत नसे. पाणी हिंदकळून सांडायचं आणि त्याच्या चाकांनी उडून आमच्या गाडीच्या जाळीतून आत जायचं. दुपारी त्या रस्त्याला टँकर नसे.

रविवारी पप्पा गॅरेजात निघाले तेव्हा मीही गाडीत बसले. तिथं मी म्हणाले, "चाचा, आत पाणी जातंय. कुठंतरी करंट गळतोय."

"पाणी?" चाचा हसले. "औंदा प्यायला थेंब न्हाई बाई, तुमच्या इंजिनाला कुठून मिळालं?"

गॅरेजाच्या बाकावर बसलेले दोघंही हसले. माझे कान तापले. तरी मी पिशवीतून कपड्यांवर पाणी फवारायची बाटली काढली. ती भरताना आई म्हणाली होती, "तेवढ्या पाण्यात माझी भाजी धुऊन होते."

"पप्पा, तुम्ही बसा आणि गाडी चालू करा."

"मी?"

"तुम्हीच. तुमचा हात जुना आहे."

अंधार हवा म्हणून उघड्या बॉनेटवर मी ताडपत्री ओढली आणि आत डोकं घातलं. एकेका प्लगच्या वायरीवर पाणी मारलं. इंजिन मजेत चालू होतं. बाकावर कुणीतरी खोकलं. मग प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर फवारलं आणि इंजिन अडखळलं. टोपीवरच्या केसाएवढ्या चिरेतून निळी ठिणगी सरपटत गेली.

दुसऱ्या बाजूनं चाचांनी डोकं आत घातलं. "आणिक मारा." मी मारलं. त्यांनी ताडपत्री फेकली आणि ओरडले, "साहेब, तुमच्या हातात बी मिसिंग मारून राहिली की!"

बाक पुन्हा हसला. या वेळी पप्पांना.

चाचांनी नवी टोपी बसवली. तिच्यावर मी उरलेलं सगळं पाणी मारलं. इंजिन एकसारखं चालत राहिलं. चाचा हळूच म्हणाले, "बाई, मी समजावतो साहेबांना."

"नको. त्यांनी ऐकलंय."

पप्पा उतरून रिकाम्या बाटलीकडे बघत होते. मी स्टिअरिंगमागे बसले आणि पलीकडचं दार आतून उघडलं.

"या, पप्पा."

त्यांनी बॉनेट खाली दाबून बंद केलं. मग वळसा घालून आले आणि बसले.