दरड कुठल्या विषयात?

वाचनालयात पुस्तकं लावावी लागतात, किस्से आपले आपणच साठतात. ग्रंथालयशास्त्रातली डॉक्टरेट गाठीला असल्यामुळे निवृत्तीनंतर महाडच्या आमच्या वाचनालयाची सूची कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येक पुस्तकाला मी शास्त्रशुद्ध विषय दिला. तो बरोबर दिला का, ही धास्ती मात्र अजून गेलेली नाही. वाचक शोधत असतात आणि मी मागे उभा राहून घाम पुसत असतो.

*

एक निवृत्त गुरुजी शोधाच्या चौकटीत बराच वेळ टाईप करत होते. वाकून पाहिलं. 'मा. ग्रंथपाल यांस, विनंती की मधुमेहावरील एखादे पुस्तक कृपया मिळावे.' अख्खा अर्ज! उत्तर आलं शून्य.

"गुरुजी, एवढं नको. फक्त महत्त्वाचा शब्द ठेवा."

गुरुजींनी विचार करकरून एकेक शब्द खोडला. शेवटी ठेवला 'कृपया'!

*

पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून शैलाताई आल्या. घरांमागच्या डोंगराला भेग पडलेली. पावसाआधी सगळ्यांनी खालच्या शाळेत उतरावं म्हणून त्या सांगून सांगून थकल्या होत्या. पण सासरे हलेनात, आणि म्हातारा हलत नाही तर वाडीही हलत नाही.

"सुनेचं कोण ऐकतो सर? छापलेलं दाखवलं तर ऐकतील."

त्यांनी टाईप केलं, 'दरड'. शून्य!

मी घाईघाईने म्हटलं, "भूस्खलन टाका. विषय तो दिलाय."

पुस्तक लगेच निघालं. ते पिशवीत घालता घालता त्या म्हणाल्या, "पण सर, ती खाली येताना भूस्खलन म्हणून येत नाय हो!"

*

मी हबकलोच. असे आणखी किती जण शून्य बघून परत गेले असतील? लगेच लोकांचे शब्द जोडायला बसलो. दरड, भेग, डोंगर फुटणं, डोंगर खचणं... सुचेल ते!

आठवड्याभरात ग्रंथपाल सुनीताबाई वैतागल्या. "सर, आता आवरा! काल एक काकू टाचेच्या भेगांवर औषध शोधत होत्या, तुमच्या सूचीने त्यांना डोंगर दाखवला!"

*

हिरकणीवाडीच्या एका गाईडने 'रायगड' टाकलं. यादी संपेचना.

मी समजावलं, "एका शब्दावर भागत नाही. जोडीला दुसरा द्या. पर्यटक तुम्हाला काय विचारतात?"

"खरं सांगू सर? 'अजून किती चढायचंय' एवढंच विचारतात. त्यावर काय हाय काय?"

*

पाऊस तोंडावर आला तशा शैलाताई पुन्हा आल्या. हातात पुस्तक नव्हतं.

"मुदत वाढवून द्या सर."

"देतो की. सासरे उतरले खाली?"

"नाय अजून. पण पुस्तक बघून जरा नरमले. म्हणाले, 'गो, एवढं वाचून होऊ दे, मग उतरतो.' आता रोज ओटीवर घेऊन बसतात. पान उलटतात, डोंगराकडं बघतात, परत पान उलटतात."

माझा जीव भांड्यात पडला. चला, निदान एक विषय तरी बरोबर दिला गेला!

"मग झालंच की! किती पानं राहिलीत?"

शैलाताईंनी खुर्ची ओढली आणि मटकन बसल्या.

"त्यांना वाचता येत नाय, सर."